मंद आचेवरची प्रेमकथा : चिनी वैद्यकाच्या पार्श्वभूमीवरच्या कादंबऱ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैद्य नायिका, अबोल रुग्ण, पावसात उकळणारा काढा. या प्रकारच्या चिनी प्रेमकथांबद्दल मला सतत प्रश्न येतात. काही वाचकांचे असतात, तर काही स्वतः अशी गोष्ट लिहायला बसलेल्यांचे. तेच तेच प्रश्न पुन्हा येऊ लागले म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही.

१. ही नक्की कसली कादंबरी? ऐतिहासिक, वैद्यकीय की प्रेमकथा?

प्रेमकथाच. यात वैद्यक आहे ते दोघांना बोलायला भाषा हवी म्हणून. ज्यांना 'तू मला आवडतोस' म्हणता येत नाही, ती माणसं 'आज जेवलात का' आणि 'झोप लागली का' एवढंच विचारतात, आणि वैद्याला ते विचारायचा हक्क असतो.

चिनी वाचक अशा कथेला 'मानरअ' म्हणतात, म्हणजे हळू तापणारी. काढा करताना दोन प्रकारची आच लागते : 'वू-ह्वो' आणि 'वन-ह्वो'. शब्दशः पाहिलं तर योद्ध्याची आच आणि विद्वानाची आच. आधी मोठ्या आचेवर उकळी आणायची, मग मंद आचेवर ठेवायचं. साधारण प्रेमकथा पहिल्या आचेवर संपते. ही दुसऱ्या आचेवर सुरू होते. ज्यांना पन्नासाव्या पानापर्यंत काहीतरी घडायला हवं असतं, त्यांनी दुसरं काही वाचावं.

२. वाचण्यासाठी चिनी वैद्यकाची किती माहिती लागते?

फार नाही. 'छी' म्हणजे शरीरात वाहणारी जीवनशक्ती. यीन-यांग म्हणजे शीत-उष्ण, आत-बाहेर, विश्रांती-हालचाल अशा जोड्यांचा तोल. लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू आणि पाणी ही पाच तत्त्वं एकमेकांना पोसतात आणि आवरतातही. एवढ्यावर बहुतेक संवाद कळतात.

मराठी वाचकाला घरात पथ्य, काढा, उष्ण-थंड हे शब्द ऐकून माहीत असल्याने अर्धं काम आधीच झालेलं असतं. धोकाही तिथेच आहे. यीन म्हणजे कफ आणि यांग म्हणजे पित्त, अशी जुळवाजुळव करू नका. दोन्ही शास्त्रांची मांडणी वेगळी आहे. पाच तत्त्वं आणि आपली पंचमहाभूतंही एक नव्हेत : तिकडे आकाश आणि वायू नाहीत, लाकूड आणि धातू आहेत.

३. तीन बोटं मनगटावर ठेवून वैद्याला एवढं सगळं कसं कळतं?

कादंबरीत कळतं तेवढं प्रत्यक्षात कळत नाही. पण पद्धत खरी आहे. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला तीन जागा असतात : त्सुन, ग्वान, छृ. तिथे तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका टेकवायची. डाव्या हातावर हृदय, यकृत, मूत्रपिंड वाचायचे, तर उजव्या हातावर फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंडाशी जोडलेलं 'जीवनद्वार'. म्हणजे सहा जागा. शिवाय हलका, मध्यम आणि खोल दाब देऊन प्रत्येक जागा तपासायची. वैद्य ली शृजेन यांनी १५६४ मध्ये नाडीवर लिहिलेल्या छोट्या ग्रंथात सत्तावीस प्रकारच्या नाड्या आहेत.

आपल्याकडेही तीनच बोटं लागतात, पण ती वात-पित्त-कफासाठी. गंमत म्हणजे चरकसंहितेत नाडीपरीक्षा नाही, ती शार्ङ्गधरसंहितेत येते.

लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. चिनी परंपरेत तपासणीच्या चार पायऱ्या आहेत आणि नाडी शेवटची. आधी बघणं, मग 'वन', मग विचारणं, मग स्पर्श. या 'वन' शब्दाचा अर्थ ऐकणं आणि हुंगणं असा दोन्ही होतो. नायिका दारातून आत येताच नायकाचा श्वास ऐकते, कपड्यांना लागलेला धुराचा वास घेते, जिभेचा रंग बघते आणि सगळ्यात शेवटी हात मागते. हात मागण्याआधी तीन पायऱ्या असलेलं शास्त्र प्रेमकथेला आयतं सापडलं आहे, आणि बरेच लेखक पहिल्याच परिच्छेदात मनगट धरून ते वाया घालवतात.

४. पडद्याआडून दोरा बांधून नाडी बघतात ते खरं का?

नाही, ती दंतकथा. थांग काळातले (सातवं ते दहावं शतक) प्रसिद्ध वैद्य सुन स्मियाओ यांनी महाराणीची नाडी दोऱ्यावरून पाहिली असं सांगतात. दोऱ्यातून ठोके बोटापर्यंत येत नाहीत. राजवाड्यातला वैद्य दासींकडून आधीच सगळं विचारून घेत असणार, हा जाणकारांचा जुना तर्क मला पटतो. मनगटाखाली ठेवायची छोटी उशी मात्र खरी आहे, आणि स्त्री रुग्णाच्या मनगटावर पातळ कापड टाकणंही. उशी सरकवण्यात आणि कापड नीट करण्यात जे लिहिता येतं ते दोऱ्यात नाही.

५. 'आनंदाची नाडी' लागली म्हणजे काय?

दिवस गेलेत. गर्भवतीची नाडी 'निसरडी' लागते, थाळीत मोती घरंगळावेत तशी, असं वर्णन करतात. बोलीभाषेत तिला 'शी-माय', आनंदाची नाडी, म्हणतात. पण निसरडी नाडी कफ झाल्यावर किंवा अपचनातही लागते, हे त्यांचेच ग्रंथ सांगतात. तेव्हा एका स्पर्शात बातमी जाहीर करणारा वैद्य हा कथेतलाच.

६. त्या काळात स्त्री वैद्य खरंच होत्या, की ही आजच्या लेखकांची सोय आहे?

होत्या. थान युनश्येन (१४६१–१५५६) या मिंग काळातल्या. वैद्यक त्या आजीकडून शिकल्या आणि वयाच्या पन्नाशीत स्वतः हाताळलेल्या एकतीस स्त्री रुग्णांच्या नोंदी त्यांनी ग्रंथरूपात आणल्या. पुरुष वैद्यासमोर जे बोलता येत नाही ते बायका त्यांच्याशी बोलत. बाळंतपणानंतरचा थकवा, गर्भपात, घरातल्या कटकटीने आलेलं आजारपण असं बरंच त्यात आहे.

हेही लक्षात ठेवा की सगळ्यांना हा मान नव्हता. त्या काळच्या प्रतिष्ठित घरांत 'तीन मावश्या, सहा म्हाताऱ्या' ही शिवी होती. ज्या बायकांना घरात घेऊ नये त्यांची ती यादी, आणि तिच्यात औषधं विकणारी बाई आणि सुईण दोघी होत्या. नायिका वैद्यघराण्यातली असेल तर तिचं एक स्थान असतं. झोळी घेऊन दारोदार फिरणारी असेल तर तिची सासू होणारी बाई तिला उंबऱ्यावरच उभी करेल, आणि ते खोटं वाटणार नाही.

७. प्रेमात पडून माणूस आजारी पडतो, अंथरूण धरतो, हे अती वाटत नाही का?

आपल्याला वाटतं. जुन्या चिनी वैद्याला वाटत नसे. त्यांच्या मते सात भावना ही आजाराची कारणंच आहेत : राग यकृताला बाधतो, अती आनंद हृदयाला, दुःख फुप्फुसाला, भीती मूत्रपिंडाला. आणि एकाच विचारात अडकून राहणं प्लीहेला, म्हणजे पचनाला. विरहात अन्न जात नाही हे आपल्या आजीलाही माहीत होतं. त्यांनी त्याला अवयव नेमून दिला.

यावरची एक केस मला कुठल्याही कादंबरीपेक्षा आवडते. ती चौदाव्या शतकातले वैद्य जू दानशी (१२८१–१३५८) यांच्या नावावर आहे. एका नवविवाहितेचा नवरा व्यापारासाठी लांब गेला आणि परतलाच नाही. तिने खाणं सोडलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जू यांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, विचाराने छी प्लीहेत गोठली आहे, नुसत्या औषधाने हलणार नाही. आनंद झाला तर मोकळी होईल. तो शक्य नसेल तर हिला राग आणा. कारण राग लाकडाचा, विचार पृथ्वीचा, आणि लाकूड पृथ्वीला भेदतं. मग तिला मुद्दाम इतकं डिवचलं की ती कित्येक तास रडली, ओरडली. नंतर आईवडिलांनी समजूत काढली, एक औषध दिलं, आणि तिने स्वतःहून पेज मागितली.

गोष्ट इथे संपत नाही. जू म्हणाले, विचार पुन्हा गोठेल, तिला आनंद लागेलच. म्हणून घरच्यांनी खोटं सांगितलं की नवऱ्याचं पत्र आलंय, तो लवकरच येतोय. तीन महिन्यांनी तो खरोखर आला.

आता यात प्रेमकथा कोणाची? नवऱ्याचं तर एकही वाक्य नाही. मला विचाराल तर ती त्या पेजेच्या वाडग्याची. अशी कादंबरी लिहिणाऱ्यांना मी आधी हीच केस वाचायला सांगतो. उपचार काम करतो तो क्षण मोठा करू नका, भूक परत येते तो करा. वैद्याचा सूर मात्र आजचा नाही. रुग्णाला फसवणं आणि तिला मुद्दाम संताप आणणं आज कोणी मान्य करणार नाही, आणि कथेतल्या नायिकेनेही त्यावर क्षणभर थांबायला हरकत नाही.

८. 'दांगग्वेई' हे औषध प्रत्येक कथेत का असतं?

नावामुळे. ही एक मुळी आहे, गान्सू प्रांतातली नावाजलेली, बायकांच्या तक्रारींवर फार वापरली जाते. पण नावाचा शब्दशः अर्थ होतो 'परतायला हवं'. पुडीत दांगग्वेई पाठवलं की पत्र लिहायची गरज उरत नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. तीन राज्यांच्या काळात, म्हणजे तिसऱ्या शतकात, सेनापती ज्यांग वेई शत्रुराज्यात गेला. त्याच्या आईने पत्र लिहून दांगग्वेई मागवलं. त्याने उत्तर पाठवलं की माझ्याकडे 'युआनझी' आहे, दांगग्वेई नाही. युआनझी हीसुद्धा एक मुळी, आणि तिचा अर्थ 'दूरची आकांक्षा'. आईमुलाच्या त्या दोन ओळींनी पुढच्या सगळ्या प्रेमकथांना पुरेल एवढा माल दिला. औषधांची नावं गुंफून कविता करण्याचा प्रकारही चिनी साहित्यात वेगळा आहे.

भाषांतरकारांचा घोळ इथेच होतो. कोणी वनस्पतीचं शास्त्रीय नाव देऊन मोकळं होतं आणि निरोप मरतो. चिनी नाव ठेवावं, अर्थ एकदा संवादातच सांगून टाकावा.

९. नायक तिला लाल बिया देतो, त्या कसल्या?

'शांगस्', म्हणजे एकमेकांची आठवण. थांग कवी वांग वेई यांच्या चार ओळींच्या कवितेमुळे दक्षिणेतली ही लाल बी प्रेमाची खूण झाली. चिनी वैद्यकाच्या ग्रंथांत 'शांगस्-झ' या नावाने जी बी येते ती आपली गुंज. लाल अंग, काळा डोळा, सोनारांच्या तराजूतली. कवीच्या मनात नेमकी तीच होती की दुसऱ्या झाडाची पूर्ण लाल बी, यावर एकमत नाही.

गुंज विषारी आहे. तिच्यातलं अब्रिन थोडंसंही पोटात गेलं तर जिवावर बेततं. नायिका वैद्य असेल तर ती हे जाणते, आणि प्रियकराने दिलेली आठवण डबीत ठेवते, तोंडाजवळ नेत नाही. हा बारकावा कथेत आला की मला लेखकाबद्दल आदर वाटतो.

१०. औषधाच्या दुकानाचं वर्णन करायचं आहे. काय काय असतं?

भिंतभर ड्रॉवरचं कपाट. त्याला 'शंभर लेकरांचं कपाट' म्हणतात. प्रत्येक ड्रॉवरमध्ये दोन-तीन कप्पे असतात आणि बाहेर नावं लिहिलेली असतात. रोज लागणारी औषधं हाताशी, हलकी पण जास्त जागा खाणारी अगदी खाली मोठ्या ड्रॉवरमध्ये. वजनाला बारीक दांडीचा छोटा तराजू. जुनी मापं ल्यांग आणि छ्येन होती. १९७९ पासून चीनमध्ये औषधांसाठी ग्रॅम आले आणि एक छ्येन तीन ग्रॅमचा धरला गेला. औषध देण्याला ते 'औषध मुठीत घेणं' म्हणतात. पुड्या कागदात बांधून दोऱ्याने अडकवून देतात.

पुण्यातल्या काष्ठौषधींच्या दुकानात गेलेल्याला वास ओळखीचा वाटेल : ज्येष्ठमध, सुंठ, दालचिनी. ज्येष्ठमध तिकडे इतक्या काढ्यांत पडतं की त्याला 'राज्याचे वडीलधारे' अशी पदवी आहे, कारण ते बाकीच्या औषधांची भांडणं मिटवतं.

दुकान ऐतिहासिक हवं असेल तर बीजिंगचं थुंगरनथांग १६६९ चं, हांगजौचं हू छिंग यू थांग १८७४ चं. दुसऱ्या दुकानातला 'फसवणूक वर्ज्य' हा फलक गिऱ्हाइकाकडे नाही, आत काम करणाऱ्यांकडे तोंड करून लावलेला आहे. आणि जुन्या दुकानांच्या दारावर एक जोडओळ असे, तिचा भाव असा : जगात कोणी आजारी न पडो, मग फळीवरच्या औषधांवर धूळ बसली तरी चालेल.

११. वैद्य पैसे घेत नाही आणि तरी घर चालतं, हे कसं?

बहुतेकदा चालत नाही, लेखक सांगायला विसरतो. पण दोंग फंग या वैद्याची कथा माहीत हवी. लू पर्वतात राहणारा हा माणूस पैसे घेत नसे. मोठा आजार बरा झाला तर पाच जर्दाळूची झाडं लावायची, किरकोळ असेल तर एक. काही वर्षांत तिथे बन झालं. जर्दाळू धान्याच्या बदल्यात द्यायचा आणि ते धान्य गरिबांना वाटायचं. म्हणून चिनी भाषेत वैद्यकाला आजही 'जर्दाळूचं बन' म्हणतात. कथेत परसात ते झाड दिसलं की ते निव्वळ झाड नसतं.

१२. नायिका नायकाला 'दादा' म्हणते! मग प्रेम कसं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि दोष भाषांतराचा. एकाच गुरूकडे शिकणारा वडील शिष्य म्हणजे 'शृश्योंग', धाकटी शिष्या 'शृमेई'. त्यातल्या 'श्योंग' आणि 'मेई'चा अर्थ भाऊ-बहीण होतो खरा, पण नातं रक्ताचं नाही आणि लग्नाला आडकाठी नाही. मराठीत 'दादा' म्हटलं की राखी डोळ्यांसमोर येते आणि खेळ खलास. 'गुरुबंधू' तर आणखी वाईट, त्यात कीर्तनाचा सूर लागतो. माझं मत : 'शृश्योंग' तसंच ठेवा, वाचक तीन पानांत सरावतो. लग्नानंतर मात्र बेधडक 'अहो' वापरा, त्यापेक्षा जवळचा शब्द आपल्याकडे नाही.

वैद्याला उत्तरेत 'दायफू' आणि दक्षिणेत 'लांगजुंग' म्हणतात. गंमत अशी की दोन्ही मूळचे सरकारी हुद्दे. मराठीत 'वैद्यबुवा' चालेल, पण तरुण नायकाला नको. त्याचं वय चाळीसने वाढतं.

१३. सुया टोचण्याच्या प्रसंगात लेखक कुठे चुकतात?

घाईत. सुई टोचली, काढली, रुग्ण उठून चालू लागला. प्रत्यक्षात सुया बहुधा वीस-तीस मिनिटं ठेवतात. म्हणजे दोन माणसं एका खोलीत, एक हलू शकत नाही, दुसऱ्याला जाता येत नाही. प्रेमकथेला याहून काय हवं? सुई नीट बसली की रुग्णाला बोथट, जड अशी कळ जाणवते. तिला 'द-छी', छी येणं, म्हणतात.

धग देण्याचा प्रकारही विसरतात. वाळलेल्या 'आय' गवताची वात जाळून त्वचेजवळ धरायची. हे गवत आपल्या दवण्याच्या कुळातलं. जोतिबाच्या यात्रेतला दवणा हुंगला असेल तर त्या खोलीचा अंदाज येईल. शिकण्याचा प्रसंग हवा असेल तर सोंग काळातली काशाची माणसं आहेत. १०२७ मध्ये वांग वेईयी यांच्या देखरेखीखाली अशा दोन आकृती ओतल्या गेल्या. परीक्षेच्या वेळी त्यांवर मेण लावून आत पाणी भरत, आणि नेमक्या छिद्रात सुई गेली तरच पाणी बाहेर येई, असं सांगतात.

१४. कथेतला काढा मी करून घेऊ का?

नको. कादंबरीतलं प्रमाण कथेच्या सोयीचं असतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पती घेतलेल्या शंभरहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडं खराब झाली. एका वनस्पतीच्या जागी अरिस्टोलोकिक आम्ल असलेली दुसरी आली होती. याच आम्लामुळे चीनने २००३ मध्ये 'ग्वान मुथुंग' या वनस्पतीचा वापर थांबवला. निरुपद्रवी वाटणारी दांगग्वेई रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांबरोबर धोक्याची ठरू शकते. वाघाच्या हाडांचा आणि गेंड्याच्या शिंगाचा व्यापार चीनमध्ये १९९३ पासून बंद आहे. आजच्या काळातली नायिका ते वापरत असेल तर ती गुन्हा करते आहे.

परंपरेतून सिद्ध औषध निघालंच नाही असंही नाही. चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांना चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात सूचना सापडली : मूठभर छिंगहाव (एक रानटी वनस्पती) पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा. रस पिळायचा, उकळायचा नाही, यावरून उष्णतेने गुण जात असावा असं त्यांच्या लक्षात आलं. त्यातून हिवतापावरचं आर्टेमिसिनिन मिळालं आणि २०१५ चं नोबेलही. त्यांच्या नावातलं 'योयो' हा प्राचीन कवितेतल्या हरणांचा आवाज आहे. त्याच कवितेत पुढे ती हरणं रानातलं 'हाव' खातात.

१५. कोणता काळ निवडावा?

संघर्ष आयता हवा असेल तर १९२९. त्या वर्षी तेव्हाच्या राजधानीत, नानजिंगमध्ये, जुनं वैद्यक हळूहळू बंद करण्याचा प्रस्ताव आला आणि १७ मार्चला शांघायमध्ये देशभरचे वैद्य आणि औषधविक्रेते विरोधासाठी जमले. दुकानदाराची मुलगी आणि परदेशातून डॉक्टर होऊन आलेला मुलगा, बाकी काही रचावं लागत नाही. शांत कथा हवी असेल तर सोंग काळ बरा : १०७६ पासून राजधानीत सरकारी औषधालय होतं. आजचा काळ हवा असेल तर १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगजौ आणि छंगदू इथे सुरू झालेली महाविद्यालयं आहेतच.

१६. डॉ. कोटणीसांची गोष्ट या प्रकारात येते का?

प्रेमकथा म्हणून येते, वैद्यक म्हणून नाही. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. ते शल्यचिकित्सक होते, आधुनिक वैद्यकाचे. परिचर्या शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी १९४१ मध्ये लग्न केलं. मुलाचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस गेले, वय बत्तीस. ज्यांना शेवट गोड हवा त्यांच्यासाठी ही गोष्ट नाही. चिनी उपचारांशी धागा हवा असेल तर तो त्याच पथकातल्या डॉ. बिजय कुमार बसूंचा : त्यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात आणलं.

१७. काढ्याचं भांडं तिने परत का केलं नाही? ती एवढी उद्धट आहे का?

उद्धट नाही, रीत पाळते आहे. काढा मातीच्या भांड्यात करतात, लोखंडाच्या नाही. आधी औषध भिजत घालायचं, दोनदा उकळून दोन्ही पाणी एकत्र करायचं, पुदिन्यासारखं वासाचं काही असेल तर शेवटी टाकायचं. चोथा काही ठिकाणी वाटेवर फेकतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांबरोबर आजार निघून जावा म्हणून. भांडं मात्र उसनं आणलेलं असेल तर ते आपण होऊन परत न्यायचं नाही. नेलं तर त्या घरी आजार नेला असं होतं. ज्याचं आहे त्याने, त्याला गरज पडली की, स्वतः येऊन घेऊन जायचं.

म्हणून ते भांडं तिच्या फळीवर धुऊन पालथं ठेवलेलं असतं, आणि तो बरा असूनही दर दोन-तीन प्रकरणांनी कारण नसताना तिच्या गल्लीतून जातो.